गोळी संपली की सांधे पुन्हा धरतात? गोळी बदलण्याआधी दुखण्याचा प्रकार ओळखा

"गोयी घेतली का दोन दिस बरं वाटते, मंग जसंच्या तसं." सोयाबीनची सवंगणी आटपून कापसाची वेचणी लागली की आमच्या उपकेंद्रावर हे वाक्य रोज कानावर पडतं. सांगणाऱ्यांत साठीतल्या आजी असतात, तिशीतल्या सुना असतात, ट्रॅक्टर चालवणारे भाऊ असतात. तक्रार सगळ्यांची एकच, वात आला. पिशवीतल्या गोळ्याही थोड्याफार फरकाने त्याच निघतात. डायक्लोफेनॅक, नाही तर आयब्युप्रोफेन, आणि सोबत ॲसिडिटीची एक.

दुखणं परत येतं त्याचं कारण बहुतेकदा या पिशवीतच असतं. सांधे दुखवणारे आजार शंभराच्या वर आहेत. त्यातले पाच-सात आपल्या गावांत नेहमी भेटतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. दुखणं मारणारी गोळी मात्र सगळ्यांवर थोडी थोडी चालते, म्हणून फसगत होते. ठणका कमी झाला की आजार बरा झाला असं वाटतं, आत त्याचं काम चालूच राहतं.

तेव्हा आधी घरच्या घरी काही गोष्टी पाहून घ्या. यावरून निदान होत नाही, ते डॉक्टरच करतील. पण कुठल्या दिशेने जायचं आणि किती घाई करायची, एवढं नक्की कळतं.

कुठला सांधा, किती वेळ, कशी सूज

सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले राहतात ते पाहा. घड्याळ पाहायला वेळ नसेल तर कामावरून मोजा. अंथरूण काढलं, चूल पेटवली, चहा झाला तोवर गुडघे मोकळे झाले, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत, तर झीज असण्याची शक्यता जास्त. भाकरी थापायची वेळ झाली तरी मूठ वळत नाही, लुगड्याची गाठ मारता येत नाही, असं तासभर किंवा त्याहून जास्त चालत असेल, तर सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज आहे. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि ओपीडीच्या गर्दीत नेमका तोच विचारायचा राहून जातो.

मग सूज बोटाने दाबून पाहा. झिजेत सांध्याच्या कडेला हाडच वाढलेलं असतं, ते टणक लागतं आणि फारसं गरम नसतं. आमवात (रुमॅटॉइड आर्थरायटिस) म्हणजे सांध्याच्या अस्तराच्या सुजेचा आजार, त्याची सूज भिजवलेल्या कणकेसारखी मऊ, थोडी दबणारी. मूठ वळल्यावर बोटांच्या मुळाशी जी हाडं वर येतात, तिथे दुसऱ्या कुणाला तरी आडवा हात घालून हलकेच आवळायला सांगा. नुसत्या हात मिळवण्याएवढ्या दाबाने कळ निघाली तर ते दुखणं साधं समजू नका.

सांधे कुठले, हेही बरंच सांगून जातं. गुडघे, अंगठ्याचं मूळ, नखाजवळची पेरं ही झिजेची जागा. मनगटं, बोटांची मधली आणि मुळाची पेरं, पायाच्या बोटांची मुळं, तीही डाव्या-उजव्या दोन्हीकडे सारखी, ही आमवाताची. आमवात नखाजवळची पेरं सहसा सोडून देतो. पायाचा अंगठा रात्रीतून लाल होऊन ठणकायला लागला तर युरिक ॲसिडचा विचार आधी करायचा.

गुडघ्याची झीज: गोळी चालते, पण काम तेच राहतं

गावातल्या बहुतेक गुडघेदुखी याच प्रकारातल्या. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. त्याला रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे एकदा झिजलं की ते फारसं भरून येत नाही. चालताना, जिना उतरताना, उकिडवं बसून उठताना दुखतं आणि टेकलं की कमी होतं. पुढे पुढे पाय गुडघ्यात बाहेरच्या बाजूला वाकायला लागतात.

गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ तास उकिडवं बसून निंदण केलं तर दुखणं परत येणारच. इथे उपयोग होतो तो मांडीच्या स्नायूंना बळ देण्याचा. बाजेच्या काठावर बसा, एक पाय गुडघ्यात पूर्ण सरळ करा, मांडी घट्ट आवळून पाच ते दहा सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा, मग दुसरा पाय. सकाळ-संध्याकाळ. बसून जमत नसेल तर आडवं होऊन गुडघ्याखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. दीड-दोन महिने नेमाने केलं तरच फरक कळतो. चार दिवसांत सोडून देणारे फार, कारण व्यायामाला गोळीसारखी चव नाही आणि तो फुकटही मिळतो.

वजन जास्त असेल तर एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. पण हा सल्ला सरसकट देणाऱ्यांचा मला राग येतो. आमच्याकडे मजुरीला जाणाऱ्या कितीतरी बायांचं वजन मुळातच चाळीसच्या आसपास असतं. त्यांना 'वजन कमी करा' म्हणून कागद लिहून देण्यापेक्षा काम कसं बदलता येईल ते बोलावं. निंदताना उकिडवं न बसता चार इंची पाट खाली घ्यायचा, जिथे जमेल तिथे ढकलायचं सायकल कोळपं वापरायचं. वेचणीत कमरेची झोळी गच्च भरू न देता अर्धी झाली की रिकामी करायची. संडासात भोक पाडलेली खुर्ची ठेवायची, ती गावातला सुतारही करून देतो. काठी घ्यायची ती दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. बरेच जण ती दुखऱ्याच बाजूला धरतात आणि मग काठीचा उपयोग नाही म्हणतात.

तेल चोळा, शेका, बरं वाटतं तर जरूर करा. सांधा मोडून 'बसवून' देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. गुडघ्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, वारंवार घेतलं तर कूर्चेलाच मारक ठरतं. गुडघ्यात 'ग्रीस' भरण्याची जी महागडी इंजेक्शनं आहेत, त्यांचा फायदा थोडा आणि बेभरवशाचा. ग्लुकोसामाइनच्या डब्यांचंही तसंच, त्या पैशात घरी अंडी आणि डाळ आणलेली बरी. एक्स-रेमध्ये 'गॅप कमी झाला' म्हटलं की माणूस हबकतो, पण एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ नेहमी बसत नाही. गॅप फार कमी असूनही वावरात जाणारे लोक आहेत. ऑपरेशनचा विचार कधी करायचा? रात्री झोप मोडते, घरातल्या घरात चालणं अवघड झालं आणि व्यायाम, काठी, गोळ्या सगळं करून झालं, तेव्हा.

आमवात: इथे थांबण्याची किंमत मोठी

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये घरोघरी जाऊन पाहणी झाली होती. त्यात आमवाताचं प्रमाण प्रौढांमध्ये साधारण अर्धा टक्का निघालं. म्हणजे हजार प्रौढांच्या गावात चार-पाच जण. आकडा लहान आहे, पण हेच चार-पाच जण सगळ्यात उशिरा सापडतात आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच होतं.

हा झिजेचा आजार नाही. शरीराची रोगांशी लढणारी यंत्रणा चुकून आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बायकांमध्ये पुरुषांच्या दोन-तीन पट, बहुतेकदा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान. बांगडी चढत नाही, जोडवी काढावी लागतात, पिळलेलं कापड हातातून सुटतं. अंगात कसर, थकवा, भूक नाही. आणि दुपारपर्यंत हात थोडे मोकळे होत असल्यामुळे घरातले म्हणतात, सकाळच्या कामाच्याच वेळी कसं दुखते बाप्पा हिचं! ज्या सुनेला हे ऐकावं लागतं, ती पुढे बोलायचंच सोडते आणि मेडिकलमधून गोळ्या आणत राहते.

पहिले तीन ते सहा महिने हातचे जाऊ देऊ नका. त्या काळात योग्य औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होणं बऱ्याच अंशी टळतं. एकदा हाड खाल्लं गेलं की ते परत येत नाही. डायक्लोफेनॅकने सूज आणि ठणका उतरतो, हाडाचं नुकसान थांबत नाही.

रिपोर्टच्या बाबतीत दोन्हीकडून घोळ होतो. रक्ताच्या तपासणीत आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवातच, असं नाही. तो धडधाकट म्हाताऱ्यांतही येतो, काही दीर्घ संसर्गांतही येतो. उलट आमवात असलेल्या दर चार-पाच जणांत एकाचा तरी निगेटिव्ह येतो. अँटी-सीसीपी ही तपासणी जास्त नेमकी आहे, पण महाग आहे आणि तालुक्याला सगळीकडे होत नाही. म्हणून म्हणतो, हात आधी, कागद नंतर. सुजलेले सांधे समोर दिसत असतील तर निगेटिव्ह रिपोर्टवर समाधान मानून घरी बसू नका.

औषधाचं नाव बहुतेकदा मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जातो. चिठ्ठीवर आठवड्याचा एक वार लिहून घ्या आणि दिनदर्शिकेवर त्या वाराला खूण करा. घरात औषधं देणारा मुलगा असो की नातू, त्याला समजावून ठेवा. सोबत फॉलिक ॲसिड देतात, ते साधारणपणे वेगळ्या दिवशी. दर थोड्या महिन्यांनी रक्त आणि लिव्हरची तपासणी लागते, दारू बंद ठेवावी लागते. मूल हवं असेल किंवा दिवस राहिले असतील तर ही गोळी चालत नाही, आधी सांगायला हवं. हिचा गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत 'लागू पडली नाही' म्हणून सोडणं, ही आमवात परत परत उलटण्याची सगळ्यात नेहमीची गोष्ट.

युरिक ॲसिड: आपोआप बरं होणारा, म्हणून फसवणारा

युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या या आजाराला गाऊट म्हणतात. त्याचा झटका ओळखायला सोपा. रात्री चांगला झोपलेला माणूस पहाटे पायाच्या अंगठ्याच्या कळेने उठतो. अंगठा लाल, गरम, चादर टेकली तरी सहन होत नाही. चाळिशीपुढच्या पुरुषांत जास्त, बायकांत पाळी गेल्यानंतर. रक्तातलं युरिक ॲसिड वाढलं की सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक जमतात, त्याचा हा उद्रेक.

आता गंमत पाहा. औषध काहीही घ्या किंवा घेऊ नका, हा झटका आठवड्या-दोन आठवड्यांत बहुधा आपोआप शमतो. त्यामुळे त्या दिवसांत जे कोणी जे काही दिलं, पाला असो, पुडी असो की मंतरलेला दोरा, श्रेय त्याला जातं. काही महिन्यांनी दुसरा झटका, मग तिसरा, मग गुडघा, घोटा. शेवटी कानाच्या पाळीवर आणि कोपरावर खडूसारख्या गाठी.

झटक्यात गोळी आणि झटका गेला की सगळं बंद, असं केलं तर हा परत येणारच. वारंवार झटके येणाऱ्याला ॲलोप्युरिनॉलसारखं औषध रोज, कित्येक वर्षं घ्यावं लागतं आणि युरिक ॲसिड ६ च्या खाली ठेवावं लागतं. सुरुवातीच्या महिन्यांत झटके थोडे वाढूही शकतात, म्हणून डॉक्टर सोबत दुसरं औषध देतात. तेव्हा घाबरून सोडायचं नाही. मात्र अंगावर पुरळ उठलं तर गोळी लगेच थांबवून दवाखान्यात जायचं.

रिपोर्ट इथेही फसवतो. ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं, दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावं लागतं. आणि कधीही झटका न आलेल्या माणसाचं ७.२ आलं, तर नुसत्या त्या आकड्यासाठी सहसा औषध लागत नाही. गुडघ्याच्या झिजेची आजी, तिच्या कागदावर ६.९ चा आकडा, आणि तेवढ्यावरून घरात डाळ बंद! हे मी इतक्या घरांत पाहिलंय की हात जोडून सांगावंसं वाटतं, तूर डाळ सोडू नका. डाळी-भाज्यांतल्या प्युरिनमुळे (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं) गाऊटचा धोका वाढलेला आढळलेला नाही. सोडायची ती दारू, मग ती मोहाची असो की बिअर. मटण कमी करायचं, त्यातही कलेजी, भेजा, गुर्दे. गोड थंड पेयंही. आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याला जाताना पाणी भरपूर प्यायचं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, त्यांनीही युरिक चढतं. ती गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारायचं.

आपल्या भागात विसरू नयेत असे

पावसाळ्यात ताप येऊन गेला आणि घोटे, मनगटं धरली तर चिकुनगुन्या. २००६ ची साथ जुन्या लोकांना आठवत असेल, २०२४ मध्ये नागपुरात पुन्हा जोर झाला होता. ताप आठवड्यात जातो, सांधे महिनोन्‌महिने कुरकुरतात. ताप असताना डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत पॅरासिटामॉलच घ्या, डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तीन महिन्यांनंतरही सूज राहिली तर आमवातासारखीच तपासणी करून घ्या.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. शाळकरी किंवा कॉलेजच्या वयातला मुलगा दर थोड्या दिवसांनी हातपाय दुखतात म्हणतो, डोळे पिवळसर, रक्त कमी, तर त्याला संधिवाताच्या गोळ्या देत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलची साधी चाचणी होते, पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की तपासणी करतात. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ऐन तरुणपणी लंगडेपणा येतो.

यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे, मोठ्यांची मान-पाठ लाकडासारखी ताठ, आणि हे एकाच मोहल्ल्यात अनेकांना, तर गोळीच्या आधी पाणी तपासा. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं.

तिशीच्या आतल्या पोराची कंबर रात्री आणि पहाटे धरते, चालल्यावर मोकळी होते, आराम केला की वाढते, तर ती कामाने धरलेली कंबर नसावी. मणक्याच्या सुजेचा आजार असतो, त्याला विशेषज्ञाकडेच न्या. पाच ते पंधरा वयाच्या मुलाचा घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारी सूज आली तर हृदयाची तपासणी हवी.

आणि हे थांबायचं नाही असं: एकच सांधा अचानक सुजला, गरम आहे, हलवू देत नाही, सोबत ताप आहे. सांध्यात पू असू शकतो. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. एकच सांधा पण महिनोन्‌महिने हळूहळू सुजतोय, संध्याकाळी ताप, वजन घटतंय, तर टीबी.

पुडीचा प्रश्न

बाजारात सांधेदुखीची पुडी मिळते. नाव नाही, घटक नाहीत, पहिल्याच दिवशी जादूसारखा गुण. असा गुण आला की स्टेरॉइडचा संशय घ्या. भूक वाढते, चेहरा गोल भरतो, लोक म्हणतात तब्येत सुधारली. मग शुगर चढते, ब्लडप्रेशर चढतं, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो. हे वाचून आज रात्रीच पुडी फेकून देऊ नका. महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर चक्कर येऊन, बीपी पडून माणूस अत्यवस्थ होतो. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करतील.

साध्या वेदनाशामक गोळ्याही रोज, उपाशीपोटी, उन्हात घाम गाळून घेतल्या तर पोटात अल्सर आणि किडनीला इजा. शौच काळी डांबरासारखी झाली किंवा लघवी कमी झाली तर गोळी बंद आणि दवाखाना.

नेताना काय घेऊन जायचं

सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं मेडिकल कॉलेज, तिथल्याच मिहानमधलं एम्स, जे जवळ पडेल तिथे. जुन्या एक्स-रेची आणि रिपोर्टची पिशवी आपण नेतोच. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या मात्र आधीच चुलीत गेलेल्या असतात, त्या ठेवा. कुठली गोळी किती दिवस चालली हे त्यावरूनच कळतं. आणि सकाळी सहाला, हात सर्वांत जास्त आखडलेले असताना, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एसटीने जाऊन, केसपेपर काढून नंबर लागेपर्यंत बारा वाजतात आणि तोवर सूज उतरलेली असते. दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून, पाठीमागची बाजू वर, खिडकीच्या उजेडात एक फोटो. मूठ जेवढी वळते तेवढी वळून दुसरा.